टेंडरच्या पेटीचं मागलं दार

कपोटावीच्या जिल्हा असेंब्लीच्या कचेरीत टेंडरची जी लाकडी पेटी होती, तिच्याबद्दल लोक काय वाटेल ते सांगत. कुणी म्हणे, ती उचलायला चार माणसं आणि एक कचकचीत शिवी लागते. कुणी म्हणे, तिच्यात हलका लिफाफा टाकला तर बाहेर येताना तो जड होतो. एकदा एक बकरी तिच्यावर चढून बसली आणि त्याच संध्याकाळी कुणा ठेकेदाराच्या रश्श्यात सापडली, असंही सांगतात. यातलं किती खरं मानायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. पेटीला तीन कुलपं होती, तीन चाव्या तीन माणसांकडे होत्या, आणि ती तिघं एकत्र आल्याशिवाय त्या पेटीतून वारासुद्धा बाहेर पडत नसे.

हे साफ खोटं आहे, हे फक्त डोत्से सुताराला ठाऊक होतं. कारण पेटी त्यानंच केली होती.

डोत्सेचं घराणं पेट्या करणाऱ्यांचं. त्या मुलखातली म्हातारी बाई आपली ठेवणीतली कापडं पेटीत ठेवते आणि किल्ली कमरेच्या मण्यांना बांधते. ती लेकीला देत नाही, नवऱ्याला तर स्वप्नातही नाही. मग एके दिवशी म्हातारी जाते, आणि जाण्याआधी किल्ली कुठंतरी अशी दडवते की सात पिढ्यांना सापडू नये. मयताला सजवायला तर तीच कापडं हवीत. पेटी फोडावी, तर म्हातारीच्या तोंडात मारल्यासारखं होतं. म्हणून पेटी करणाऱ्याला बोलावणं जातं. सगळं कुटुंब अंगणात जमतं. सुतार विचारतो, “कुटुंब आलंय का?” घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस म्हणतं, “आलंय. उघड.” तेव्हा सुतार पेटीच्या बुडाशी कुठंतरी बोट घालतो, एक खुंटी दाबतो, आणि पेटीची पाठ गुमान खाली सरकते. कुलूप जिथल्या तिथं. सुताराला एक कोंबडा आणि बाटलीभर सोडाबी, म्हणजे ताडाची दारू, मिळते, आणि तो आपलं गुपित घेऊन घरी जातो.

“मागलं दार नसलेली पेटी म्हणजे थडगं,” डोत्सेचा बाप म्हणायचा. आणि लगेच दुसरं बोट उगारून म्हणायचा, “पण ध्यानात ठेव. कुटुंबासमोर उघडतो तो सुतार. एकटा उघडतो तो चोर.”

असेंब्लीनं टेंडरची पेटी सांगितली तेव्हा डोत्सेच्या डोक्यात काही कपट नव्हतं. डोकं त्यात होतंच कुठं? हात आपला सवयीनं चालत गेला. पॉलिश वाळल्यावर त्याच्या लक्षात आलं की सरकारच्या पेटीलाही आपण आजीबाईच्या पेटीसारखं मागलं दार ठेवून बसलो. सांगायला तो गेलाही होता. पण तेव्हाच्या साहेबांनी पेटीवर थाप मारून भाषण सुरू केलं होतं: या पेटीत आता उंदीर शिरणार नाही, लबाडी शिरणार नाही. लोक टाळ्या पिटत होते, बकरा शिजत होता. अशा वेळी कोण म्हणेल, साहेब, जरा मागून बघा? डोत्सेनं बकरा खाल्ला आणि गप्प बसला. गप्प बसण्याचं एक असतं, पहिला दिवस जड जातो. पुढं तेच घरचं होऊन जातं.

पुढं कितीतरी टेंडरं त्या पेटीतून गेली. काही डोत्सेला लागली, बरीचशी हुकली. त्यानं खुंटीला कधी हात लावला नव्हता. पण अलीकडे शाळेची कामं सेन्योला लागायची. सेन्यो डोत्सेच्याच हाताखाली शिकलेला, आता स्वतःचं दुकान, दारात मोटरसायकल. त्याचा दर नेहमी दुसऱ्यापेक्षा केसभर कमी निघायचा. लोक म्हणत, पोराच्या नाकाला भावाचा वास येतो.

यंदा टेंडर निघालं ते शाळेच्या बाकांचं. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा, सगळे बाक. खालच्या आळीतल्या शाळेत तर पोरं सिमेंटच्या पिशव्यांवर बसून लिहीत होती. हे काम ज्याला मिळेल त्याचं दुकान पुढं कितीतरी दिवस चालणार होतं, आणि डोत्सेच्या दुकानात तर नुसता भुसा उरला होता. त्यानं टेंडरचा कागद विकत घेतला, कर भरल्याचा दाखला मिळवला, बँकेची हमी मिळवली. ही हमी मिळवायला बँकेत इतके हेलपाटे घालावे लागतात की तेवढ्या पायपिटीत माणूस समुद्राला जाऊन मासे घेऊन परत येईल.

शेवटच्या दिवशी सगळे ठेकेदार असेंब्लीसमोरच्या कडुनिंबाखाली बसले होते. ही तिथली रीतच. सकाळपासून यायचं, लिफाफा शर्टाच्या आत ठेवायचा, आणि बारा वाजेपर्यंत कुणीच उठायचं नाही. आधी टाकणाऱ्याचा चेहरा बाकीचे वाचतात आणि त्यावरून भाव ओळखतात, अशी पक्की समजूत. म्हणून सगळे एकमेकांच्या बायकामुलांची चौकशी करतात, एकमेकांच्या शर्टाकडे बघतात, आणि बाराला पाच कमी असताना शेळ्यांचा कळप दारात घुसावा तसे आत घुसतात.

“मास्टर,” सेन्यो हसत म्हणाला, “तुमच्या शर्टाला घाम आलाय. भाव भिजेल.”

“भिजला तर फुगेल,” डोत्से म्हणाला. “तुझा तर आधीच आटलेला असतो म्हणे.”

सगळे हसले. बाराला पाच कमी झाले. धक्काबुक्की झाली, लिफाफे पडले. बाराला खरेदी अधिकारी अदोमा मॅडमनं फटीवर कागदाची पट्टी चिकटवून सही केली. मॅडम कुमासीकडची, गोड बोलायची आणि काट्यासारखी वागायची. अर्ध्या तासानं पेटी सर्वांसमोर उघडायची आणि एकेकाचा भाव मोठ्यानं वाचायचा, असा नियम. मॅडमची किल्ली हजर होती. हिशेबनिसाची हजर होती. तिसरी होती तोग्बे, म्हणजे आजोबा, क्लुत्सेंकडे. निवृत्त हेडमास्तर, असेंब्लीच्या सभासदांचे वडीलधारे, वेळेचे इतके पक्के की कोंबडे त्यांना विचारून आरवतात म्हणत.

साडेबारा झाले. एक झाला. मग चौकीदार सालिफू सायकलवरून आला आणि त्यानं टोपी काढली.

तोग्बेंनी सकाळी पेज घेतली होती, आरामखुर्चीत बसले होते, आणि बसल्या बसल्याच गेले होते.

पेटीबद्दल बोलण्याची ती वेळ नव्हती. सगळे आधी त्यांच्या अंगणात जाऊन बसले. पण दोन दिवसांनी मॅडमनं हळूच किल्लीचा विषय काढला, तेव्हा तोग्बेंची थोरली बहीण मामा आवुशी (मामा म्हणजे तिकडं आजी), जी आता त्या घराची प्रमुख होती, ती म्हणाली, “भाऊ गेला तशी मी खोली बंद केली. मेलेल्याच्या खोलीत मातीच्या आधी कोण जातं?”

“आणि माती कधी, मामा?”

“लंडनचा नातू सुटी मिळाली की येणार. घराला रंग लावायचाय. फेब्रुवारी धर. तोवर भाऊ शवागाराच्या बर्फात.”

मॅडमनं कपाळाला हात लावला. बाकांचा पैसा डिसेंबरअखेर कंत्राटावर सही झाली नाही तर परत राजधानीला जाणार होता, आणि राजधानीला गेलेला पैसा परत आलेला कपोटावीत कुणी पाहिलेला नाही. तिनं वर विचारलं. उत्तर आलं: सगळ्या ठेकेदारांसमोर तिसरं कुलूप कापा, मात्र कापणारा स्वतः ठेकेदार नसावा. आता गंमत अशी, की गावात ज्याच्याकडे लोखंड कापायची करवत होती त्या प्रत्येकानं बाकांचं टेंडर भरलं होतं. शेवटी नदीपलीकडचा एक लोहार शुक्रवारी यायला तयार झाला.

तोवर पेटीला राखण. ठेकेदारांचा एकमेकांवर विश्वास इतका, की प्रत्येकानं पाळीपाळीनं सालिफूसोबत पेटीपाशी बसायचं ठरलं. रात्री सभागृहाला टाळं.

याच दिवसांत एका संध्याकाळी डोत्सेची बायको अकपेने स्वयंपाकघरातून ओरडली, “सेलोमचे बाबा! चर्चच्या सुगीच्या देणग्यांची यादी पास्टरला पोचवली का? ते मला दारात अडवतात.”

“कपाटावर आहे. ने तूच.”

अकपेनेनं लिफाफा काढला, उघडून पाहिला आणि म्हणाली, “यात तर बाक आहेत.”

डोत्सेच्या हातातला मक्याच्या आकप्लेचा घास तसाच राहिला. दोन्ही लिफाफे एकाच दुकानातले, एकाच तपकिरी रंगाचे, दोन्हीवर त्याचंच नाव. टेंडर घरी होतं. पेटीत पडली होती यादी: कोण सुरण देणार, कोण कोंबड्या, आणि कोण नुसती प्रार्थना.

“आता?” अकपेने म्हणाली.

“आता काय. सरकारला सुरण मिळतील.”

तो हसला, पण त्या संध्याकाळी त्यानं जेवण टाकलं. त्याला अंगणात लाकूड नसलेला आपला सुतारकामाचा कट्टा दिसत होता. आणि कट्ट्यामागे, नको नको म्हणताना, पेटीच्या बुडाची ती खुंटी.

गुरुवारी दुपारी त्याची पाळी होती. जाताना त्यानं खरा लिफाफा शर्टात घातला. का घातला, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. माणूस ज्याचं उत्तर ठाऊक असतं ते विचारत नाही.

सालिफू बाकावर डुलत होता. मशिदीतून बांग झाली तशी तो उठला. “एफो डोत्से,” तो म्हणाला; एफो म्हणजे दादा. “मी नमाज पढून आलो. पेटीशी भांडू नको.”

“ती माझ्याशी बोलत नाही,” डोत्से म्हणाला.

सालिफूची चप्पल फटक फटक करत दूर गेली. सभागृहात डोत्से, पेटी आणि भिंतीवरची पाल. तो गुडघ्यावर बसला. लिफाफा हातात घेतला. दुसरा हात पेटीच्या बुडाशी गेला, तसाच, सवयीनं. एवढ्या वर्षांत खुंटी फुगली असणार, त्याला वाटलं. जोर लावावा लागेल.

जोर लावावा लागला नाही. बोट टेकताच खुंटी सशासारखी आत पळाली.

डोत्सेनं हात बाहेर काढला. बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं होतं. त्यानं ते नाकाशी नेलं. शियाचं लोणी, त्या झाडाच्या बियांचं तूप. ताजं.

लाकडाची खुंटी अडली की शियाचं लोणी लावावं, हे त्यानं आयुष्यात एकाच माणसाला शिकवलं होतं. आणि मागलं दार कसं करतात, हेही त्यालाच.

आधी डोत्सेला राग आला. असा आला, की गावकरी सांगतात त्याच्या कानातून धूर निघाला आणि पाल भिंतीवरून पडली. केसभर कमी भाव! नाकाला वास! चोरट्या! मग त्याची नजर आपल्याच हाताकडे गेली. एका हाताला शियाचं लोणी, दुसऱ्या हातात लिफाफा. खुंटी कोरडी असती तर? जोर लावला असता, आणि आतापर्यंत लिफाफा आत असता. मग सालिफू परत आला असता, तो सालिफूशी थट्टा करत बसला असता, आणि शुक्रवारी सगळ्यांबरोबर टाळ्याही पिटल्या असत्या. आपल्यात आणि सेन्योत अंतर किती? नमाजाला लागतो तेवढा वेळ.

त्यानं खुंटी परत बसवली. लिफाफा शर्टात घातला. सालिफू आला तेव्हा तो खिडकीपाशी उभा होता.

संध्याकाळी तो सेन्योच्या दुकानात गेला. सेन्यो रंधा मारत होता. डोत्सेनं आपलं बोट त्याच्या नाकाखाली धरलं.

रंधा थांबला. सेन्योनं दाराकडे पाहिलं. “बसा, मास्टर.”

“उभाच बरा. किती वर्षं?”

“खालच्या आळीतल्या शाळेच्या फळ्यांचं काम लागलं ना, तेव्हापासून. उघडायच्या आधीचा अर्धा तास पेटीपाशी कुणी नसतं, आणि यंदा तर राखणीची पाळीच होती.” त्यानं हात झटकले. “तुम्हीच शिकवलंत. मागलं दार नसलेली पेटी म्हणजे थडगं.”

“पुढचंही शिकवलं होतं.”

“पुढचं तुम्ही असेंब्लीला सांगितलंत?” सेन्यो शांतपणे म्हणाला. “दार ठेवलंत आणि बकरा खाल्लात. पेटीला पॉलिश मीच मारलं होतं, तेव्हा मीही तिथंच होतो. वाट बघत होतो, मास्टर आता सांगतील. मास्टरांनी रस्सा मागितला.”

डोत्सेनं रंध्याचे ढलपे पायानं बाजूला सारले.

“आणि आज दुपारी,” सेन्यो म्हणाला, “तुम्ही माझ्या दुकानावरून सभागृहात गेलात तेव्हा शर्ट फुगलेला दिसला. त्यात काय होतं? चर्चची यादी? अकपेने काकूंनी ते सगळ्या बाजारात सांगितलंय, हसून हसून. मग शर्टात दुसरा लिफाफा कशाला होता?”

मग सेन्यो हसला, आणि ते हसू जुनं होतं, शिकत होता तेव्हाचं. “मास्टर, ऐका. उद्या लोहार कुलूप कापेल. माझा भाव कमी निघेल. अर्धे बाक मी तुम्हाला देतो. खरंच देतो. तुमचा कट्टा भरेल. पेटीचं काय, नवीन कुलूप लागेल. कुणाचं काय जातं?”

“आणि बाकीच्या ठेकेदारांचं?”

“ते तरी संत आहेत का?”

डोत्से घरी आला. अकपेनेला सगळं सांगितलं, खुंटीपासून. ती ऐकून म्हणाली, “म्हणजे उद्या गप्प बसलात तर अर्धे बाक, आणि बोललात तर?”

“बोललो तर लोक म्हणतील, याला दार ठाऊक होतं, म्हणजे यानंच लिफाफे हलवले. आजवर जी कामं लागली तीही चोरीचीच म्हणतील. मग कुठली म्हातारी मला पेटी सांगणार?”

“सांगणार नाही,” अकपेने म्हणाली. ती भांडी घासत राहिली. मग म्हणाली, “माझी पेटी तुमच्याच हातची आहे. मी मेले तर मागलं दार अंगणात सगळ्यांसमोर उघडा. एकट्यानं उघडलंत तर भूत होऊन येईन.”

शुक्रवारी सभागृह गच्च भरलं. ठेकेदार पुढं, मागं बाजार. मामा आवुशीही आली होती, काळं कापड गुंडाळून. भावाच्या किल्लीवरून कुणी भावाला नावं ठेवतंय का ते बघायला. लोहारानं करवत काढली आणि पात्यावर थुंकला.

“थांब बाबा,” डोत्से उठून म्हणाला. “मॅडम, कुलूप कापायला नको. ही पेटी मी उघडतो.”

“एफो डोत्से, तुम्ही ठेकेदार आहात,” अदोमा मॅडम म्हणाली. “तुम्ही पेटीला हात लावायचा नाही.”

“मी ठेकेदार नाही, मॅडम. माझ्या लिफाफ्यात चर्चचे सुरण आहेत.”

सभागृह खदखदलं. पास्टर मागून ओरडला, “आणि माझी यादी!” पण डोत्से हसला नाही, म्हणून हसणं हळूहळू विरलं.

“ही पेटी मी केली. तिला मागलं दार आहे. आमच्या सगळ्या पेट्यांना असतं. ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. आज सांगतो.” तो पेटीमागे जाऊन उभा राहिला आणि बापानं शिकवल्याप्रमाणे मोठ्यानं म्हणाला, “कुटुंब आलंय का?”

मॅडमनं हिशेबनिसाकडे पाहिलं. हिशेबनिसानं असेंब्लीच्या अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी छताकडे पाहिलं. टेंडरच्या पेटीचं कुटुंब कोण, असा प्रश्न सरकारच्या कुठल्याच नियमात नव्हता. सेन्यो पुढच्या रांगेत बसला होता. तो जमिनीकडे बघत होता.

“कुटुंब आलंय का?” डोत्सेनं पुन्हा विचारलं.

मागून काठी टेकत मामा आवुशी उठली. “आलंय,” ती म्हणाली. “माझी पणतवंडं सिमेंटच्या पिशवीवर बसून लिहितात. आम्ही नाही तर कोण? उघड.”

डोत्सेनं खुंटी दाबली. पेटीची पाठ आवाज न करता खाली सरकली. तिन्ही कुलपं पुढं लटकत राहिली, लग्न दुसरीकडेच लागल्यावर मांडवात बसून राहिलेल्या पाहुण्यांसारखी. लिफाफे जमिनीवर सांडले.

मग एकच गलका. “म्हणजे इतकी वर्षं...” “म्हणून तुझं छप्पर नवं!” “अरे, ते छप्पर तर त्याच्या सासऱ्यानं...” मामा आवुशी पुढं आली, तिनं खुंटीवर बोट फिरवलं आणि वास घेतला. “शिया,” ती म्हणाली. “हे कुणी लावलं?”

“मी नाही,” डोत्से म्हणाला.

“मग कुणी?”

डोत्सेनं बोट शर्टाला पुसलं. सेन्योचं नाव जिभेवर होतं. तसंच बकऱ्याच्या रश्श्याची चवही होती. सेन्यो उठला आणि कुणाकडे न बघता बाहेर गेला. बाहेर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. चोर कोण, ते काहींनी त्याच्याकडे बघून ठरवलं, काहींनी डोत्सेकडे बघून.

मॅडमनं एकही लिफाफा वाचला नाही. “यातला कुठला भाव कुणी पाहिला, ते मला कळायला मार्ग नाही,” ती म्हणाली. “सगळं रद्द. नव्यानं. आणि एफो डोत्से, एक वर्ष तुम्हाला टेंडर भरता येणार नाही. हे मी लिहिणार आहे. आनंदानं नाही, पण लिहिणार आहे.”

“लिहा, मॅडम.”

नव्या टेंडरला दिवस थोडे होते, आणि नवी पेटी कुठून आणणार? तेव्हा बाजारातल्या बोफ्रो, म्हणजे तळलेले गोड गोळे, विकणारीचं काचेचं कपाट आठवडाभर भाड्यानं घेतलं. ते चौकाच्या मधोमध ठेवलं, वरून फट, खाली कुलूप, आतले लिफाफे सगळ्यांना दिसतील असे. तळलेल्या तेलाचे डाग लिफाफ्यांवर पडले, माशा काचेवर बसून भाव वाचत होत्या म्हणतात. पण पहिल्यांदाच कुणी राखण मागितली नाही. काम नदीपलीकडच्या सुतारणींच्या एका गटाला लागलं. डिसेंबर संपायच्या आत सही झाली. बाक बरे झाले. डोत्सेनं जाऊन पाहिले. एका बाकाचा पाय डुगडुगत होता, त्याखाली त्यानं पाचर मारली आणि कुणाला सांगितलं नाही.

सेन्यो किनाऱ्यावरच्या शहरात गेला. तिथं लोखंडी कपाटं करतो म्हणे. लोखंडाला मागलं दार नसतं, असं गिऱ्हाइकांना सांगतो.

डोत्सेचा कट्टा रिकामाच राहिला. जानेवारीत एकही पेटी नाही. बाजारात बायका त्याच्याशी बोलत, पण बोलताना कमरेच्या किल्लीवर हात ठेवत. तेवढ्यानंही माणूस खचतो. तो कोंबड्यांची खुराडी करू लागला. खुराड्याला पुढं दार, मागं काही नाही.

फेब्रुवारीत लंडनचा नातू आला, घराला रंग लागला, तोग्बे क्लुत्सेंना माती दिली. तीन दिवस ढोल वाजले. त्यानंतर आठवड्यानं मामा आवुशीचा निरोप आला.

तो गेला तेव्हा अंगणात सगळं घर जमलेलं. मधोमध तोग्बेंची पेटी, डोत्सेच्या बापाच्या हातची. “खोली उघडली,” मामा आवुशी म्हणाली. “पेटीची किल्ली कुठं आहे देव जाणे. माझा भाऊही शेवटी म्हाताऱ्या बाईसारखाच निघाला.” लोक हसले. “बघतोस काय? विचार.”

डोत्सेनं ओठ ओले केले. “कुटुंब आलंय का?”

“आलंय,” ती म्हणाली, आणि मग हळूच, फक्त त्याच्यापुरतं, “त्या दिवशीही आलं होतं. उघड.”

बापाची खुंटी कोरडी होती, फुगलेली. डोत्सेला चांगलाच जोर लावावा लागला. कपाळावर घाम आला, अंगठा सोलला. मग करकर आवाज करत पाठ खाली आली. आत कापडं होती, शाळेची घंटा होती, आणि सगळ्यात वर, रुमालात गुंडाळलेली, टेंडरच्या पेटीची तिसरी किल्ली.

मामा आवुशीनं ती उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि डोत्सेच्या हातात ठेवली. “घे. याचं कुलूप आता कुठं आहे?”

“कडीसकट काढून मॅडमच्या टेबलावर. कागद उडू नयेत म्हणून.”

“मग तुझ्याकडेच राहू दे,” ती म्हणाली. “आणि पुढच्या आठवड्यात ये. मला पेटी करायची आहे. ओडूमच्या लाकडाची. मागलं दार नीट ठेव. माझी पोरं भांडखोर आहेत.”